गुळाच्या रंगाची डायल

ठेव इथं, या हिरव्या कापडावर.
पंखा बंद करतो, धूळ उडते.
गुजरीच्या या साडेतीन फुटांत
एकेचाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं उघडून बघतोय.
ऑटोमॅटिक म्हटलं की आधी कानाला,
मग डोळ्याला.

हलवली. रोटर जरा खडखडतोय,
डब्यात शेवटचा शेंगदाणा राहावा तसा.
तू मान खाली घातलीस.
बरं.

साडेनऊ हजार म्हणतोस.
काच सफायरची? पाण्याचा थेंब टाकला,
पसरला नाही, मण्यासारखा उभा राहिला.
म्हणजे खरी.

आणि ही डायल.
बाजारात भाव खाणाऱ्या पिवळ्याधमक गुळाची नव्हे,
तांबूस, काळपट,
ज्या काहिलीत पावडर पडली नाही
त्या काहिलीतल्या गुळाची.
कुणाला सुचला हा रंग?
"कंपनीला," म्हणालास.
कंपनीला रंग सुचत नाहीत, बाळा.

आता वाईट ऐक.
बाराचा खुंट केसभर डावीकडं सरकलाय.
गिऱ्हाइकाला दिसणार नाही,
पण मी सांगितलं ना, आता तुला रोज दिसेल.
चावी बारीक, अंगठा निसटतो.
काटे अंधारात दहा मिनिटं चकाकतात
आणि मग त्यांनाही झोप लागते.
पट्टा चपलेच्या चामड्याचा,
पहिले पंधरा दिवस करकरेल, मनगट तांबडं करेल,
त्यानंतर मात्र कुणी काढून मागितला तर देणार नाहीस.

मशीनवर लावली:
डायल वर ठेवून दिवसाला अकरा सेकंद पुढं,
उभी धरली की तीन मागं.
या पैशात कुणी तक्रार करू नये.
माझा मेहुणा करेल. तो वकील आहे.

झाकण उघडलं.
इंजिन जपानी, आणि तसं मागं लिहिलंयही,
हे बरं केलंत.
खोटं स्विस लिहिलेली पोतंभर बघितलीत मी.

पण झाकणाची आतली बाजू,
जिथं माझ्याशिवाय कुणी डोकावणार नाही,
तिथं कुणीतरी गोल गोल कोरत बसलंय,
थापलेल्या भाकरीवर बोटं उमटतात तसं.
आणि मधोमध, हे बघ, भिंगातून बघ,
टूल थरथरल्याची खूण.
उद्यमनगरात लेथ असा थरथरतो
शेजारच्या शेडमध्ये प्रेस पडला की.

तुझ्या नखांत कूलंट आहे.
खुंट डावीकडं म्हटल्यावर कान लाल झाले तुझे.
गिऱ्हाईक असतास तर भांडला असतास.

नाव काय? सन्मती. हुपरीचा?
आजा चांदीत होता?
मग बरोबर.
पैंजणाच्या आतल्या बाजूलाही
पॉलिश मारणारी माणसं ती,
पायाला काय कळतंय म्हणून सोडायची नाहीत.

ही सदतिसावी, मागं नंबर आहे.
आधीच्या छत्तीस?
अकरा गेल्या.
बाकीच्या कॉटखाली, बुटांच्या खोक्यात.
आईला काय सांगितलंस?
असू दे, नको सांगूस.

अडतिसावीचा खुंट लावताना
आधी चहा घेऊ नको.
आणि प्रेसवाला जेवायला जातो ना,
दीड ते दोन, तेव्हा झाकण कातायला घे.
दीडशे रुपये झाले. हो, घेणार.
तू तुझ्या वेळेचे घेतोस की नाही?

आणि एक. ही आठवडाभर
माझ्या हातावर राहू दे.
माझा हात आता फारसा हलत नाही:
भिंग, चिमटा, चहाचा कप,
रात्री उशाशी.
तरण्याताठ्याच्या मनगटावर काहीही चालतं.
या हातावर चालली
तर खुशाल विक.

सोमवारी दुकान बंद.
मंगळवारी ये, अकरानंतर.
बंद पडली असली
तर किती वाजता पडली
ते लिहून ठेवीन.